समुद्रतळाची एरियल

परवा नातवाने एका पुस्तकातले छायाचित्र माझ्यापुढे धरले. "आजोबा, ओळखा पाहू!" चिखलात एक सरळ दांडा उभा होता आणि त्याला जागोजागी आडव्या काड्या फुटल्या होत्या. "त्यात काय ओळखायचे? पूर्वी घराघरांवर असायची तसली एरियल!" मी चष्माही न लावता सांगून टाकले. पस्तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला 'ठाऊक नाही' म्हणायची सवय कुठून असणार?

नातू खदखदून हसला. ती एरियल नव्हतीच. तो होता स्पंज, चांगला जिवंत प्राणी! एल्टानिन नावाच्या अमेरिकन संशोधन-जहाजाने २९ ऑगस्ट १९६४ रोजी केप हॉर्नच्या पश्चिमेला, सुमारे ३,९०० मीटर खोलीवर तो टिपला. मग काय विचारता! परग्रहावरच्या पाहुण्यांनी तिथे यंत्र रोवले आहे, इथवर काहींची मजल गेली. १९७१ मध्ये हीझन आणि हॉलिस्टर या शास्त्रज्ञांनी खरे काय ते सांगितले. गंमत अशी, की अगासीझ यांनी या स्पंजाचे चित्र १८८८ मध्येच छापून ठेवले होते!

मीही हसलो, पण ते हसू ओठांवरच विरले. मला १९७४ सालचा कोकणातला माझा वर्ग आठवला. कोळीवाड्यातला एक मुलगा ओंजळीत काहीतरी घेऊन आला होता. वाळूच्या रंगाची, रबरासारखी लवचीक, सदऱ्याच्या कॉलरीसारखी वस्तू. "गुरुजी, ह्याच्यात जीव आसा."

"जीव कसला? पंपाचे फाटके रबर आहे ते. टाक बाहेर!"

वर्ग हसला. तो मुकाट्याने बाहेर गेला आणि बराच उशिरा परतला. उशिराबद्दल मी त्याला दोन छड्या दिल्या. त्यानंतर त्याने वर्गात कधी काही आणले नाही.

निवृत्तीनंतर एका पुस्तकात मला तशीच कॉलर दिसली. एक समुद्री गोगलगाय वाळू आणि चिकट स्राव एकत्र करून ती घडवते, आणि तिच्यात तिची असंख्य अंडी असतात. तो मुलगा ती पाण्यात सोडायला गेला होता, हे मला तेव्हा उमगले.

आज त्याची स्वतःची होडी आहे. वाटेत भेटला, की वाकून नमस्कार करतो. मी आशीर्वाद देतो आणि पुढे चालू लागतो. 'माझे चुकले' एवढे दोन शब्द अजून तोंडातून निघालेले नाहीत.

यंदा दिवाळीला गावी जायचे आहे. फराळाचा डबा त्याच्या घरी मीच घेऊन जाणार आहे. नातवालाही बरोबर नेईन. म्हणजे वाटेतून मागे फिरता येणार नाही.