घाटाखालचं तावेर्न आणि झाडाखाली कुजणारं बोंड



इथं आपण नेहमी ऊस, हुमणी, खोडवा, खताचे डोस यावर बोलतो. आज एका खाण्यापिण्याच्या ठिकाणाबद्दल लिहितोय. दारूची जाहिरात करायची नाही. विषय शेतमालाचाच आहे.

आमचं हुपरी म्हणजे चांदीचं आणि उसाचं गाव. काजूचा आणि आमचा संबंध फक्त लग्नाच्या ताटातला. पण मुलगी चंदगड तालुक्यात दिली आणि काजू घरात आला. व्याह्यांची तीन एकर बाग आहे. निम्मी झाडं वेंगुर्ला ४, निम्मी वेंगुर्ला ७. दोन्ही वाण वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचे, पहिला १९८१ चा आणि दुसरा १९९७ चा. ४ नंबरचं बोंड लाल, ७ नंबरचं पिवळं. ७ नंबरची बी मोठी, दहा ग्रॅमच्या आसपास भरते.

यंदा एप्रिलमध्ये खोडव्याला पाणी देऊन दोन दिवस मोकळे झाले म्हणून मी आणि आमची मंडळी तिकडं गेलो. बागेत पाऊल टाकलं की पहिला येतो तो वास. गोड, आंबूस, डोकं धरणारा. बाया बोंड उचलतात, पिळा देऊन बी काढतात, बी पाटीत आणि बोंड तिथंच बुंध्यात. माश्या, गांधीलमाशा घोंगावत असतात. दोन दिवसांत काळं पडतं, तिसऱ्या दिवशी पाणी.

मी व्याह्यांना विचारलं, "पावणं, एवढं सगळं टाकूनच देता?"

"मग काय करू? म्हशीला चार पाट्या घालतो. जास्त घातलं तर तिचं पोट बिघडतंय. बाजारात न्यायचं तर टेंपो पोचेपर्यंत रस गळतो."

उसाचा शेतकरी वजनाशिवाय विचार करत नाही. मी तिथंच हिशेब मांडला. सात मीटरवर लागण, एकरी ऐंशी झाडं, तीन एकरांत दोनशे चाळीस. झाडाला सरासरी आठ किलो बी धरली तर एकोणीस क्विंटल. बोंडाचं वजन बीच्या पाच-सहा पट. म्हणजे दरवर्षी दहा टन फळ ह्या बागेत कुजतं. चंदगड, आजरा, भुदरगड, गडहिंग्लज मिळून किती होत असेल ते तुम्हीच धरा.

व्याही हसले. म्हणाले, "उद्या घाट उतरून जाऊ. ह्याच बोंडाचं पलीकडं काय करतात ते दाखवतो. जेवायला बी तिथंच."

तिलारी घाट उतरला की दोडामार्ग आणि तिथून पुढं गोव्याचा डिचोली तालुका. घाट लई उभा आहे, पण जावई सांभाळून चालवतात. मधे हद्दीची पाटी सोडली तर रानात काही बदलत नाही. तीच तांबडी माती, तेच काजू. बदल झाडाखाली दिसतो. पलीकडं बुंध्यात बोंड पडलेलं नाही. सकाळी सगळं वेचून नेलेलं असतं.

ते ठिकाण म्हणजे कौलारू घर, पुढं पडवी, पडवीत सहा बाकडी. गोव्यात असल्या जागेला तावेर्न म्हणतात. शब्द पोर्तुगीज. काजूचं झाडसुद्धा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलं. पाटी लहान, पण दुपारी बाराला बाहेर गाड्यांची रांग. मालक दारातच म्हणाले, "येयात, बसात." चुलीवर त्यांची आई आणि बायको, गल्ल्यावर मुलगी. आमच्या मंडळींचं अवघडणं तिथंच निम्मं कमी झालं. शेजारच्या बाकावर एक आजी नातवाला मासा निवडून भरवत होत्या. त्यांच्या पलीकडं दोघं गवंडी पेला घेऊन बसलेले. कुणी कुणाकडं टक लावून बघत नव्हतं.

जेवण एक नंबर. उकड्या तांदळाचा भात, रवा लावून तव्यावर भाजलेला बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची किसमूर, मिठाच्या पाण्यात मुरलेली तोरं. आजी वाढायला आल्या आणि म्हणाल्या, "हुमण घालूं?" आमची मंडळी दचकलीच. उसवाल्याच्या घरात हुमणी म्हटलं की काळजात धस्स होतं! तिकडं हुमण म्हणजे माशाची आमटी. नारळ, तिरफळं, कोकम. दोनदा मागून घेतली. आपल्या तांबड्या-पांढऱ्याला तोड नाही, हे मी तिथं सांगून आलो. पण ह्या हुमणालाही नाव ठेवता येत नाही.

आता पिण्याचं. मार्च ते मे तिथं हुर्राकचा हंगाम. घराच्या मागं भट्टी होती, मालकांनी स्वतः नेऊन दाखवली. शेतकऱ्यांनी आणि कृषी सहायकांनी हे समजून घ्यावं म्हणून सविस्तर लिहितो.

बोंड झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप पडलेलंच घ्यायचं. बी काढून बोंड पायानं तुडवायचं. पूर्वी कातळात कोरलेल्या कुंडात तुडवायचे, त्याला कोळंबी म्हणतात. आता बरेच जण यंत्रावर पिळतात. चोथ्याची ढेप करून वर दगड ठेवला की जो निवळ रस ठिबकतो तो नीरो. जावई गाडीवर होते, म्हणून त्यांना नीरोच दिला. मीही चाखला. गोड, थोडा घशाला धरणारा, कारण बोंडात टॅनिन असतं. क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट. साखर दहा-बारा ब्रिक्स, म्हणजे आपल्या पक्व उसाच्या रसाच्या निम्मी.

बाकीचा रस दोन-तीन दिवस पिंपात आंबवतात. बाहेरचं यीस्ट नाही, साखर नाही, नवसागर तर नाहीच. फळावर असतं तेवढ्याच किण्वावर काम. मग तांब्याच्या हंड्यात, लाकडाच्या जाळावर पहिली धार काढतात. ती हुर्राक, पंधरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. हुर्राक पुन्हा गाळली की फेणी, चाळीस टक्क्यांच्या वर. हुर्राक फार टिकत नाही. म्हणून ती हंगामात, त्याच मुलखात, ताजीच प्यायची. लिंबू-सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून देतात. मी अर्धा पेला घेतला. बागेत जो वास डोकं धरत होता, तोच इथं जिभेवर होता. व्याही म्हणाले, "आमच्या झाडाखाली पडतंय ते हेच."

मालकांशी तासभर बोललो. ते बोंड आसपासच्या बागायतदारांकडनं रोख घेतात, काही हद्दीच्या अलीकडनंही येतं म्हणाले. भट्टीचा परवाना आहे, आबकारीचा माणूस येतो, मोजतो. मी विचारलं, "गिऱ्हाईक जास्त प्यायला लागलं तर?" ते म्हणाले, "दोन पेल्यांनंतर आई ताट आणून ठेवते. ताट आलं की बाटली उचलायची. गावातलंच माणूस, उद्या त्याच्या बायकोचं तोंड बघायचं असतं आम्हाला."

हे वाक्य मला फार लागलं.

माझा भाचा इंग्लंडात नोकरीला आहे. तो तिथल्या खेड्यातल्या पबचे फोटो पाठवतो. पब म्हणजे पब्लिक हाउस, सगळ्यांचं घर. तिथं एल नावाची बिअर मिळते, ती जवापासून करतात. जवाला मोड आणून, वाळवून माल्ट करायचं, त्याचा काढा आंबवायचा, चवीला हॉप्स नावाच्या वेलीची फुलं. बायका-पोरं, म्हातारी, कुत्रीसुद्धा येऊन बसतात आणि रविवारी भाजलेल्या मटणाचं ताट खाऊन जातात. मला ते परक्याचं कौतुक वाटायचं. घाटाखाली कळलं की तसलं ठिकाण आपल्यापासून चार तासांवर आहे. रानातलं पीक, त्याच गावात केलेलं पेय, बाजूला घरचं ताट, आणि पिणाऱ्याला नावानं ओळखणारं माणूस. ह्या चार गोष्टी एकत्र असल्या की जागा बिघडत नाही.

आता आपल्याकडं बघा. आपल्या बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. कारण आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि कायद्यानं प्यायला परवाना लागतो. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडं होता, तिथं तो कायदा आला नाही. कायदा कडक असून आपल्याकडं पिणं थांबलं का? नाही. ते अंधारात गेलं. दुकानाच्या मागं उभ्या उभ्या, प्लॅस्टिकचा ग्लास, पाण्याची पिशवी, सोबत खारे दाणे. बसायला जागा नाही, जेवण नाही, थांब म्हणणारं कुणी नाही. आमच्या गल्लीतली दोन घरं अशी बसली. एकाची अडीच एकर गेली, दुसऱ्याचा तर माणूसच गेला, वय चाळीससुद्धा नव्हतं.

आणि त्या बाटलीत काय असतं? आपलाच ऊस. देशी दारूचं स्पिरिट मोलॅसिसपासून होतं. एक टन ऊस गाळला की चाळीस-पंचेचाळीस किलो मोलॅसिस निघतं, त्यातून दहा-अकरा लिटर स्पिरिट. ऊस आपण घातला, पण बाटली गावात परत येते तेव्हा तिच्यावर ना शिवाराचं नाव, ना हंगामाचं. आणि पहिला खिसा उसाच्याच मजुराचा रिकामा होतो. तोडणीचा पैसा आणि ती बाटली एकाच रस्त्यावर भेटतात.

परत येताना मी हे गाडीत बोलून दाखवलं. आमची मंडळी मागं बसली होती. म्हणाली, "तुम्ही एक दुपार बघितली. घरं तिथं बी बुडली असतील. ती तुम्हाला पडवीत दिसायची न्हाईत. आमच्याकडं बायकांनी बाटली आडवी का केली ते आधी समजून घ्या."

तिचं म्हणणं खरं आहे. आपल्या राज्यात गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं. किती गावांत बायका उन्हात रांग लावून उभ्या राहिल्या! त्यांनी घर वाचवायला मत दिलं, आणि उद्या द्यायची वेळ आली तर मीही त्यांच्याच बाजूनं उभा राहीन. दारू घाटाखालची असली तरी दारूच. शरीर माती आणि झाड विचारत नाही.

पण मग बोंडाचं काय? दहा टन फळ कुजवायचं हेही शहाणपण नाही.

गोव्यानं ते कसं केलं ते बघण्यासारखं आहे. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ साली सरकारनं तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. नाव झालं म्हणून भाव आला, आणि भाव आला म्हणून बोंड वेचायला मजूर परवडला. आपल्याकडं नाशिकला द्राक्षाचं हेच झालं, २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर वायनरी वाढल्या. काजूबोंड आणि मोहफुलाच्या दारूबद्दल २०२२ साली आपल्या मंत्रिमंडळानंही निर्णय घेतला, तिला 'विदेशी मद्य' धरायचं म्हणून! व्याही म्हणाले, "झाड माझ्या दारात, बोंड माझ्या पाटीत, आणि दारू विदेशी?" यावर काय बोलणार.

माझं मत थोडक्यात लिहितो.

पहिलं, घरी कुणी भट्टी लावू नका. गुन्हा तर आहेच, शिवाय चुकीची धार जीव घेते.

दुसरं, दारूच्या आधी सरबत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं बोंडाचा रस आणि सिरप करायची पद्धत बसवलेली आहे. टॅनिन खाली बसवून रस निवळ करता येतो. बोंडाला साठ-सत्तर टक्के रस निघतो. राहिलेला चोथा वाळवून जनावराच्या खाद्यात थोडा थोडा मिसळता येतो.

तिसरं, बोंड एक दिवस टिकतं, म्हणून रस काढायचं यंत्र बागेपासून तासाभराच्या आत पाहिजे. एकट्या शेतकऱ्याला ते झेपत नाही. पाच-सहा गावांच्या शेतकरी उत्पादक कंपनीला झेपेल. उसाला आपण कारखाना उभा केला तो एकट्यानं थोडाच केला?

चौथं, उद्या परवानगीनं कुणी हुर्राकसारखं काही केलंच, तर ते दुकानाच्या मागं उभं राहून प्यायला मिळू नये. बसायला बाकडं, समोर ताट, आणि दोन पेल्यांनंतर बाटली उचलणारी आई पाहिजे. ते जमणार नसेल तर सरबतावरच थांबावं.

येताना बाटली आणली नाही. हद्दीवर तपासणी असते आणि गोव्याची दारू आपल्या राज्यात आणणं गुन्हा आहे. आणलं ते एक पाटी तोरं आणि किसमूरची पद्धत.

चंदगड, आजऱ्याकडच्या बागायतदारांना एकच विचारायचंय: यंदा तुमच्या झाडाखाली बोंड किती पडलं, कुणी वजन केलंय का? केलं असेल तर आकडा कळवा. कृषी खात्यातल्या मंडळींनी रस यंत्राचा खर्च आणि क्षमता सांगितली तर पुढच्या हंगामाआधी व्याह्यांना घेऊन बसता येईल. काजूला मोहोर नोव्हेंबर-डिसेंबरात येतो. तोवर वेळ आहे.