हात पोचेल तिथे

पुण्यात प्लंबरचा फोन सगळ्यात जास्त वाजतो तो शुक्रवारी सकाळी. ‘गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने’ ही वर्तमानपत्रातली चौकट पुणेकरांना पाठ आहे, आणि आमचा निम्मा धंदा त्या चौकटीवर चालतो. गुरुवारी दुपारी कुणीतरी नळ सोडून बघतं, पाणी येत नाही, नळ तसाच उघडा राहतो. सिंकच्या जाळीवर नेमकी एखादी ताटली पालथी पडलेली असते. पहाटे पाणी येतं आणि घर जागं होतं ते हॉलमध्ये पाय भिजल्यावर. दुसऱ्या घरी नळाला धारच नसते, कारण रिकाम्या पाईपमधला गंज आणि वाळू पहिल्या लोंढ्याबरोबर येऊन नळाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकून बसते. तिसरीकडे बॉल कॉकमध्ये खडा रुततो आणि गच्चीवरची टाकी वाहते.

शुक्रवारचा उपाय साधा आहे. पाणी आलं की आधी बाथरूममधला सगळ्यात खालचा, बादलीचा नळ हळूच उघडायचा. तो खोकेल, थुंकेल, हवा सोडेल, तांबूस पाणी ओकेल. ते निवळेपर्यंत शॉवर, फिल्टर आणि वॉशिंग मशीन यांच्या वाटेला जायचं नाही. जाळी तुंबलीच तर ती हाताने फिरवून काढायची, धुवायची, क्षार धरलेले असतील तर रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकायची. यासाठी मला बोलावून पैसे दिलेत तर मी घेईन, पण मनातून मला ते आवडत नाही.

घरात पाणी झालंय असा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो, “मेन कॉक कुठे आहे तुमचा?” पलीकडे शांतता. मग आतल्या खोलीत हाका, “अहो, आपला मेन कॉक कुठे आहे?” घराच्या किल्ल्या, गॅसचं पुस्तक, लाइट बिल कुठे आहे हे ज्या माणसाला झोपेतही सांगता येतं, त्याला स्वतःच्या घराचं पाणी कुठे बंद होतं ते ठाऊक नसतं. सापडला तरी तो माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलांच्या मागे असतो, आणि इतकी वर्षं न फिरवल्यामुळे क्षारांनी जागच्या जागी थिजलेला असतो. जोर लावला की दांडी हातात येते.

मी काम शिकलो ते सदाशिव पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्रींच्या हाताखाली. तेव्हा जी.आय.चे लोखंडी पाईप होते. पाईप शिकंज्यात धरायचा, तेल सोडत सोडत डायने आटे पाडायचे, आट्यांना सफेदा लावायचा, वर सूत गुंडाळायचं आणि पान्याने आवळायचं. सूत आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायचं. उलट गुंडाळलं तर आवळताना तेच बाहेर येतं. आजच्या टेफ्लॉन टेपलाही हाच नियम आहे आणि आजही निम्मी पोरं ती उलटी गुंडाळतात. वाड्यांमधले पाईप भिंतीवरून उघडे जायचे, क्लॅम्प मारून. दिसायला ओबडधोबड, पण सांधा पाझरायला लागला की संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी डोळ्याला दिसायचा. लोखंडाचं दुखणं वेगळं होतं. आतलं जस्त गेलं की गंज धरायचा, आणि अर्ध्या इंचाच्या पाईपात शिसपेन्सिल जाईल एवढीच वाट उरायची.

मग आला सीपीव्हीसी. पाईप चांगला आहे, गंजत नाही, गरम पाणी सोसतो. पण त्याबरोबर सगळंच भिंतीच्या पोटात गेलं. नुसते पाईप गेले असते तर माझी तक्रार नव्हती. चांगला जोडलेला पाईप भिंतीत वर्षानुवर्षं गुमान राहतो. पण जे झिजणार आहे, जे कधी ना कधी बदलावं लागणार आहे, तेही आपण आत कोंडलं. कॉक मॉड्युलर किचनच्या खोक्यामागे. फ्लश टँक भिंतीत, आणि त्याची दुरुस्तीची खिडकी टाइलने बंद. डक्टला लोखंडी जाळी, जाळीला कुलूप, कुलपाची किल्ली अमेरिकेला गेलेल्या घरमालकाकडे. इंटिरियरवाले मला सांगतात, “ते दिसायला नको.” मी म्हणतो, दिसू नका देऊ, पण हात तरी पोचू द्या.

आणि भिंत बुजवायची घाई. पाईप जोडल्यावर सॉल्व्हंट सुकायला वेळ द्यायचा असतो. मग सगळी तोंडं बंद करून हातपंपाने दाब द्यायचा, मीटरचा काटा कुठे आहे तिथे खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघायची. काटा उतरला तर कुठेतरी सांधा कच्चा आहे. ही परीक्षा घेण्याइतका धीर ना टाइलवाल्याला असतो ना मालकाला. एक रात्र वाचवतात आणि पुढची कितीतरी वर्षं खालच्या मजल्यावरच्यांशी भांडतात.

गळतीचा डाग हा मूळ दोषाचा पत्ता सांगत नाही. कोथरूडमध्ये एका काकूंकडे बेडरूमच्या भिंतीला, बाथरूमच्या बाजूने, गुडघ्याएवढ्या उंचीवर पोपडे धरले होते. रंगाऱ्याने पुट्टी भरून ‘वॉटरप्रूफ’ रंग दिला होता, तोही फुगला होता. दोष वरच्या मजल्यावरच्यांना देऊन झाला होता, सोसायटीला अर्जही गेला होता. मी विचारलं, “मे महिन्यात तुम्ही गावाला होतात तेव्हा वाळलं होतं का?” काकू म्हणाल्या, “वाळतंय कसलं, आलो तर उलट वाढलेलं!” एवढ्यानेच अर्धं काम झालं. घर बंद असतानाही ओल वाढते म्हणजे ती अंघोळीच्या सांडपाण्याची नाही. चोवीस तास दाबाखाली असलेल्या पाईपची आहे.

पंखा बंद करायला सांगितला, फ्रिजही थोडा वेळ. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पोलादी टोक बाथरूमच्या टाइलवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. भिंतीत पाणी सुटत असेल तर बारीक, न थांबणारी सूंऽऽ अशी शीळ ऐकू येते. डागाच्या समोर ती अगदी पुसट होती. वीत-वीत वर सरकत गेलो तशी वाढली आणि टॉवेलच्या दांडीपाशी सगळ्यात स्पष्ट झाली. दांडी नवी दिसत होती. “दिवाळीत बसवली,” काकू म्हणाल्या. मेन कॉकपाशी काकांना उभं केलं आणि दांडीचा डावीकडचा स्क्रू काढला. पाण्याची चिळकांडी समोरच्या आरशावर. ड्रिलचं टोक पाईपला जेमतेम चाटून गेलं होतं. भोक पाडलं ते स्क्रूने आणि बुजवून धरलं तेही स्क्रूनेच. तो गंजत गेला तसं पाणी मोकळं होत गेलं आणि भिंतीच्या आतून उतरत गुडघ्यापाशी बाहेर पडलं. नळाच्या थेट वर, थेट खाली आणि आडव्या रेषेत भिंतीला ड्रिल लावायचं नसतं. पाईप बहुतेक वेळा त्याच रेषांत धावतो.

ओल कुठली हे घरच्या माणसालाही बरंचसं कळू शकतं. अंघोळीनंतर तास-दोन तासांनी खाली ठिबकायला लागलं तर मोरी, जाळी किंवा टाइलच्या फटी बघाव्यात. फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत. गिझर लावला की वाढत असेल तर गरम पाण्याची लाइन. कमोडमध्ये पाणी सतत झिरपतंय असा संशय आला तर फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकावा आणि अर्धा तास फ्लश करू नये. रंग भांड्यात उतरला तर आतलं रबर गेलं. स्वतंत्र मीटर असेल तर सगळे नळ बंद करून मीटरची चकती बघावी; फिरत असेल तर पाणी कुठेतरी जातंय. नळ ठिबकतोय त्याचं काय एवढं, असं म्हणणाऱ्यांना मी आकडे सांगत नाही. रात्री नळाखाली बादली ठेवायला सांगतो, सकाळी स्वतःच बघतात.

ठिबकणाऱ्या नळाचं कारण पुष्कळदा हातात असतं. जुन्या पितळी नळात वायसर असतो. नळ आवळून आवळून बंद केला की वायसरवर खोल चर पडतो, मग आणखी आवळावा लागतो, आणि शेवटी ज्यावर तो बसतो ती पितळी बैठकच खडबडीत होते. मग नवा वायसरही टिकत नाही. हल्ली पाव फेऱ्यात बंद होणारे नळ आलेत. त्यांत वायसर नसतो, एकमेकींवर सरकणाऱ्या दोन गुळगुळीत चकत्या असतात. त्यांना जोर अजिबात नको. पण आपल्या मनगटात जुन्या नळाची सवय मुरलेली. दांडी थांबली तरी वर एक दणका देतोच. या चकत्यांचा शत्रू वाळू. म्हणून नवा नळ बसवण्याआधी पाईपातून मोकळं पाणी सोडून द्यावं.

उंच इमारतींत खालच्या मजल्यांवरचे नळ आणि जोडण्या आधी जातात, त्यात बिल्डरचा दोष असतोच असं नाही. टाकीपासून दर दहा मीटर खाली गेलं की दाब साधारण एक किलोने वाढतो. अकराव्या मजल्यावरचे शॉवरला धार नाही म्हणून रडतात आणि पहिल्या मजल्यावरचा नळ झटकन बंद केला की पाईप भिंतीत ठोका देतो. त्या ठोक्याकडे दुर्लक्ष करू नये. प्रत्येक ठोका कुठल्या ना कुठल्या सांध्यावर बसतो. बेसिनखाली बघितलंत तर एक बोटाएवढी जाड कनेक्शन पाईप दिसेल. प्लास्टिकची असेल तर तिच्या नटला बारीक चीर पडते. स्टीलची जाळी असलेली असेल तर ती अॅसिडच्या वाफांनी गंजून तुटते. ती फुटते तेव्हा आधी काही कळवत नाही, आणि घरात कुणी नसेल तर तळमजल्यापर्यंत पाणी जातं. जाळीवर तांबडे ठिपके दिसले की बदला. स्वस्त वस्तू आहे.

गिझरच्या व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात म्हणून काही महाभाग तिथे बूच मारतात. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ७० अंशांवर गेलं की ते फुगून पाव लिटरहून थोडं जास्त वाढतं. उलट जायची वाट बंद असेल तर तेवढ्या पाण्याला कुठेतरी जायला हवंच. तो थेंब ही त्याचीच वाट आहे. ती बुजवलेला गिझर म्हणजे भिंतीवर टांगलेला बॉम्ब. इथे मी ग्राहकाशी वाद घालत नाही; बूच काढतो आणि मगच बोलतो.

सांडपाण्याच्या बाजूला मुख्य गोष्ट आहे हवा. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये दोनेक इंच पाणी साचून राहतं, त्याने गटाराचा वास आणि झुरळं अडतात. हा वाकडा नळ १७७५मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनच्या घड्याळजीने पेटंट करून घेतला, आणि अजून त्याहून बरं काही निघालेलं नाही. सुट्टीहून परतल्यावर घरात वास येतो, कारण ते पाणी वाळलेलं असतं. एक तांब्या पाणी ओता, दहा रुपयांच्या डांबरगोळ्यांनी होत नाही ते होतं. पण वरचा माणूस बादली ओततो आणि तुमच्या मोरीत गुडगुड आवाज येतो, तेव्हा प्रकरण वेगळं. पाईपाला श्वास घ्यायला जागा नाही. बहुधा गच्चीवरच्या हवेच्या पाईपाच्या तोंडाला कबुतरं नकोत म्हणून कुणीतरी प्लास्टिकची पिशवी बांधलेली असते. पेशवाईत कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, त्या नळालाही ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. त्यांना जे कळलं होतं ते आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना समजावताना माझा घसा बसतो.

तुंबण्याचे पुण्यात हंगाम आहेत. दिवाळीत तेल आणि उटणं. अनंत चतुर्दशीनंतर शाडूची माती: घरच्या बादलीत विसर्जन होतं ते छानच, पण गाळ मोरीत ओतला की ट्रॅपमध्ये तो घट्ट बसतो आणि स्प्रिंगलाही दाद देत नाही. तो कुंडीत घाला. स्वयंपाकघरात तूप आणि तळणीचं तेल. त्यावर लोक अॅसिड ओततात. अॅसिडने चरबी हलत नाही. जाळी, क्रोमची झिलई आणि टाइलच्या फटी मात्र खाल्ल्या जातात.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आज संध्याकाळी घरातला मेन कॉक शोधा, एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी असंच करत राहा. बेसिनखालच्या आणि कमोडमागच्या कॉकचंही तेच. फिरत नसेल तर जोर लावू नका, ओळखीच्या प्लंबरला बोलवा. कोरड्या घरात ते काम तासाभराचं आहे. आणि घराचं काम काढलं असेल तर टाइल बसण्याआधी प्रत्येक भिंतीवर टेप धरून पाईपांचे फोटो काढा, आणि ते फोनमध्ये न ठेवता छापून घराच्या कागदपत्रांच्या फायलीत लावा.