थंडीपुरता मुक्काम

डिसेंबरच्या पहाटे पुण्यात स्वारगेटला एस.टी.तून उतरलात, तर काय दिसते? चहाच्या गाडीभोवती हात चोळत उभी असलेली माणसे, कानटोप्या, मफलर आणि प्रत्येकाच्या तोंडातून निघणारी वाफ. पाहुण्याला ही थंडी गोड लागते. पुण्याची हवा चांगली, असे आपण वाडवडिलांपासून ऐकत आलो आहोत. तरण्याताठ्यांना ती चांगली आहेच. पण साठी उलटली, गुडघे कुरकुरू लागले किंवा दम्याने छातीत घर केले, की हीच हवा वैरी होते.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांची मुले पुण्यात नोकरीधंद्याला आहेत. म्हाताऱ्या आईवडिलांना थंडीत शहरात नेले म्हणजे त्यांची सोय झाली, असे त्यांना वाटते. आम्हांलाही तसेच वाटत होते. म्हणून आमची हकीकत सांगतो.

मी मूळचा शिरूर तालुक्यातला. सारी उमर मास्तरकीत गेली. निवृत्तीनंतर मुलाकडे पाषाणला राहायला आलो. आमच्या सौ.ना दम्याचा जुना त्रास. एका जानेवारीत तीन रात्री त्यांनी उशीला टेकून, बसून काढल्या. डॉक्टर म्हणाले, “औषधे चालू ठेवा. पण पहाटेची थंड, कोरडी हवा यांना सोसत नाही. जमले तर थंडीचे दोन महिने उबदार जागी काढा.” उबदार जागा म्हणजे नेमकी कुठली, हे काही त्यांनी सांगितले नाही. ते आम्हांलाच शोधावे लागले.

आधी पुणे गार का, ते पाहू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि भोवती डोंगर आहेत. हिवाळ्यात आभाळ निरभ्र, हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर थंड होते आणि गार हवा जड असल्यामुळे उताराने खाली येऊन सखल भागात साचते. हे तुम्हां शेतकऱ्यांना नवे नाही. कडाक्याच्या थंडीत आधी ओढ्याकाठचे, खोलगट रान गारठते. म्हणून तर द्राक्षबागाईतदार रात्री बागेत शेकोट्या करून धूर धरतात. शहराचेही तसेच आहे. दाट वस्तीच्या पेठांपेक्षा पाषाणसारख्या मोकळ्या, झाडीच्या भागात पारा जास्त उतरतो. पुण्यातला आजवरचा नीचांक १.७ अंश सेल्सिअस आहे. तो १७ जानेवारी १९३५ रोजी नोंदला गेला. अशी नोंद ठेवणारे हवामान खात्याचे कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले. म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात.

ऋतू बघून मुक्काम हलवण्याची अक्कल जुनीच आहे. इंग्रजी अमलात मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला येई. त्याच्यासाठी गणेशखिंडीत बांधलेल्या वाड्यात १९४९ पासून पुणे विद्यापीठ आहे. उन्हाळ्यात साहेब महाबळेश्वर गाठी आणि थंडीत मात्र मुंबईला समुद्राकाठी जाऊन राही. पुण्याची हवा चांगली म्हणणाऱ्यांनी ती कोणत्या महिन्यात चांगली, हे ओळखले होते.

पण साहेबाला कशाला गुरू करायचे? आपल्या पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे मेंढपाळ पाहा. पाऊस सरला की ते मेंढरे, घोडी, पोरेबाळे घेऊन घाट उतरतात आणि कोकणात जातात. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत मेंढरे बसवतात. शेताला खत मिळते, धनगराला धान्य किंवा पैसा मिळतो. पावसाळ्याच्या तोंडाला ते परत देशावर येतात, कारण कोकणचा पाऊस मेंढराला मानवत नाही. लहानपणी आमच्या शिवारात त्यांचे वाडे पडत. वाडा टाकताना ते आधी पाणी पाहत, मग चारा, मग शेजार आणि शेवटी परतीची वाट. मला वाटते, म्हातारपणी मुक्काम शोधणाऱ्यानेही हाच क्रम धरावा.

आम्ही मात्र तो धरला नाही. आधी नाव पाहिले. सोलापूरकडे दिवसा ऊन चांगले, पण हवा कोरडी, सौ.ना ती नको होती. गोवा उबदार खरा, पण घरापासून लांब. शेवटी कोकण ठरले आणि ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकाच्या सांगण्यावरून आम्ही दापोलीला खोली घेतली. गाव देखणे. १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ तिथे आहे, बाजारपेठ आहे, दवाखाने आहेत. पण पहिल्याच पहाटे सौ. म्हणाल्या, “अहो, हे तर पाषाणच झालं!” दापोली कोकणात असली तरी ती डोंगराच्या माथ्यावरच्या सपाटीवर वसली आहे. इंग्रजांनी तिथे लष्करी छावणी ठेवली ती उगाच नव्हे. काही हिवाळ्यांत तिथला पारा १० अंशांच्याही खाली गेलेला आहे. कोकण म्हटले की सगळीकडे ऊब, ही आमची समजूत पार खोटी ठरली.

घरमालकांनीच तोड सांगितली. म्हणाले, “गुरुजी, खाली बंदरपट्टीला जा.” दापोलीपासून एस.टी.ने तासाभराच्या आत मुरूड, कर्दे, हर्णै ही किनाऱ्याची गावे लागतात. मुरूड हे महर्षी कर्व्यांचे गाव. ज्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला स्त्रीशिक्षणाचे काम उभे केले, ते धोंडो केशव कर्वे याच गावात वाढले. तिथे नारळी-पोफळीच्या वाडीतल्या एका घरी आम्हांला मागची खोली महिन्याच्या बोलीने मिळाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दार उघडले, तर अंगावर घोंगडी घ्यावी लागली नाही. समुद्राचे पाणी दिवसाची ऊब रात्रभर धरून ठेवते आणि उंचीही नाही, म्हणून किनारा जमिनीसारखा गारठत नाही. चार-पाच दिवसांत सौ. सलग झोपू लागल्या. दमा बरा झाला असे मी म्हणणार नाही. औषध एक दिवसही चुकवले नाही. पण रात्री बसून काढण्याची वेळ आली नाही, एवढे खरे. सगळ्याच दमेकऱ्यांना किनारा मानवतो असेही नाही. दमट हवेने काहींचा त्रास वाढतो.

आता दादांची गोष्ट. दादा म्हणजे माझे थोरले बंधू, वय ७२, गावी शेती बघतात. त्यांना मी दरवर्षी म्हणे, “दादा, थंडीत चार दिवस या.” त्यांचे उत्तर ठरलेले, “अरे, थंडीत रान सोडतो तो शेतकरी कसला?” त्यांचेही खरे होते. नोकरदाराला निवृत्ती असते, शेतकऱ्याला नसते. आणि थंडी म्हणजे ऐन रब्बी. गव्हाला पाणी, कांद्याला पाणी, हुरड्यात आलेल्या ज्वारीवर पाखरांची राखण. त्यात वीज रात्रीची. अंगावर पोते घेऊन, चिखलात पाय रोवून दादांनी पन्नास वर्षे बारे दिले. त्याच्या आदल्या हिवाळ्यात मात्र ताप छातीत उतरला आणि आठ दिवस तालुक्याला दवाखान्यात काढावे लागले. तरी घरी आल्यावर पहिला प्रश्न, “पाण्याची पाळी कोणी धरली?”

यंदा त्यांच्या सूनबाईंनी धीर केला. म्हणाल्या, “मामंजी, तुम्ही जाऊन या. पाण्याच्या पाळ्या आम्ही दोघं बघतो. चुकलं तर येऊन रागवा, पण जा.” वहिनींनी पिशवी भरली, पुतण्याने एस.टी.त बसवून दिले आणि संक्रांतीनंतर दादा पंधरा दिवसांसाठी मुरूडला आले. सोबत घरच्या ज्वारीचे गाठोडे होते. त्याचा फार उपयोग झाला. दोन्ही वेळा भात आपल्या भाकरीच्या पोटाला सोसत नाही. आम्ही तिथल्या गिरणीत दळण आणले आणि सौ.नी चुलीवर भाकरी टाकली.

पहिले दोन दिवस दादा समुद्राकाठी नुसते बसून राहिले. हातांचे काय करावे ते त्यांना कळेना. तिसऱ्या दिवशी पाहतो तर वाडीत मालकाबरोबर फावडे घेऊन उभे! सकाळचे दहा वाजलेले, अंगावर कोवळे ऊन, पाटाने पाणी पोफळीच्या आळ्यांत जात होते आणि दादा बांध फोडून पाणी वळवत होते. मला पाहून हसले. म्हणाले, “आयुष्यात इतक्या थंड्या पाणी धरलं, पण उन्हात उभं राहून धरलं नव्हतं.” थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “पोरगा आज रात्री गव्हात असंल.”

त्या रात्री त्यांनी गावी फोन लावला. पाण्याबद्दल काही विचारले नाही. पायात बूट घाल, कान बांध, बॅटरी घेतल्याशिवाय जाऊ नको, एवढेच मुलाला सांगितले. पंधरा दिवस पुरे करून, ज्वारीच्या काढणीआधी ते परत गेले. रान जागेवर होते. गव्हाचा एक वाफा तेवढा कोरडा राहिला होता, त्यावरून ते रागावले नाहीत, असे सूनबाईंनी कळवले.

मंडळी, तुम्हांलाही घरच्या वडीलधाऱ्यांसाठी असा मुक्काम काढायचा असेल, तर अनुभवाचे चार शब्द ऐका.

जागा नावावरून घेऊ नका. उंची विचारा. डोंगरमाथा आणि नदीकाठची खोलगट जागा टाळा. किनाऱ्यावर जायचे तर अगदी वाऱ्याच्या तोंडावर नको, वाडीच्या आडोशाला घर पाहा. आधी आठ दिवस राहून बघा, तब्येतीला मानवले तरच महिन्याचा करार करा. नाताळ ते १ जानेवारी किनाऱ्यावर जत्रा असते, तेव्हा दर चढतात. तो आठवडा सोडून जा. डॉक्टरांचा सल्ला घ्या, पुरेशी औषधे आणि कागदपत्रे बरोबर ठेवा, जवळचा दवाखाना कुठे आहे आणि रात्री वाहन मिळेल का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. प्रवासखर्चाची धास्ती नको. राज्यात ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एस.टी. मोफत झाली, ६५ पासून पुढे सवलत आहे आणि २०२३ पासून बायाबापड्यांना अर्धे तिकीट लागते. ओळखपत्र मात्र विसरू नका.

मुक्काम शक्यतो एका दिवसात घरी परतता येईल इतकाच लांब असावा. कोणाचे दुखलेखुपले, घरात कार्य निघाले, तर जीव टांगणीला लागत नाही. आणि जिथे जाल तिथे चार माणसे बोलायला असावीत. नुसते ऊन खाऊन माणसाचा दिवस जात नाही.

ज्यांना जाणे शक्यच नाही, त्यांनी निदान घरात एवढे सांभाळावे. म्हाताऱ्यांची आंघोळ पहाटे नको, ऊन वर आल्यावर असू द्या. रात्री डोके व पाय झाकलेले असावेत. खोली बंद करून आत शेगडी पेटवून झोपू नका. कोळशाचा विषारी वायू कळू न देता जीव घेतो. आणि रात्रीचे पाणी धरायला साठीच्या पुढच्या माणसाला एकटे पाठवू नका.

थंडी काही कायमची नसते. शिवरात्रीला ती ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आपल्याकडे म्हणतातच. प्रश्न असतो तो मधल्या दोन महिन्यांचा. तुमच्या घरातही एखादे दादा असतील. ते स्वतःहून रजा मागणार नाहीत. सूनबाईंनी किंवा लेकानेच पुढे होऊन म्हटले पाहिजे, “जाऊन या, पाळी आम्ही धरतो.” यंदाच्या थंडीआधी एकदा म्हणून पाहा.