उजेडाचा खर्च

संग्रहालयांत गेलेली वस्तू कायमची सुरक्षित झाली, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. वस्तू लोकांस दिसावी म्हणून तिच्यावर उजेड पाडावा लागतो. आणि कागद, कापड व छायाचित्र यांस उजेडासारखा दुसरा वैरी क्वचितच असेल.

सोलापूरकरांस हें मुद्दाम सांगावयास नको. येथील चादरीची नक्षी दोन्ही अंगांस उमटते, रंग तेवढे उलट येतात. आमच्या घरीं पश्चिमेच्या खिडकीशीं अशी एक चादर वर्षानुवर्षें अंथरलेली असे. एकदां ती उलटली, तों खालचा तांबडा जसाच्या तसा, आणि वरचा पार विटून गेलेला! उडालेला रंग सावलींत ठेवल्यानें परत येत नाहीं. आजचा उजेड कालच्या उजेडांत मिळत जातो आणि हिशेब चढत राहतो. म्हणूनच नाजूक वस्तूंवर सुमारें ५० लक्सांहून अधिक प्रकाश नसावा, असा संग्रहालयांचा दंडक आहे. एका मेणबत्तीचा एक मीटरवर पडणारा उजेड म्हणजे साधारण १ लक्स. भर उन्हांत हाच आकडा लाखाच्या घरांत जातो. आमच्याकडील ऊन तर विचारूंच नये.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें येथील घर आज त्यांचें स्मारक आहे. १९३८ सालीं ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तिकडेच वारले. अशा माणसाच्या मागें गांवाला उरतें काय? कांहीं छायाचित्रें, कांहीं कागद. आमचें मत असें कीं, अशा माणसाचें जें जें अस्सल जेथें असेल, तें अंधाऱ्या पेटींत, आम्लरहित कागदांत ठेवावें व भिंतीवर प्रत लावावी.

आमच्या एका स्नेह्यांस हें मुळींच पटत नाहीं. “मग दर्शन कसलें? नकलेला का नमस्कार करावयाचा?” असें ते विचारतात. आक्षेप जिव्हाळ्याचा आहे, त्याची थट्टा करवत नाहीं. परंतु आपल्याच जिल्ह्यांतील पंढरपूर पाहा. चरणस्पर्शानें व स्नानांनीं मूर्ति झिजली आणि २०२० सालीं पुरातत्त्व खात्यास तिच्यावर वज्रलेप करावा लागला. झिजविणारे हात कांहीं शत्रूचे नव्हते.

तेव्हां स्नेह्यांशीं आम्हीं एवढीच तडजोड केली आहे: वर्षांतून एक आठवडा, ९ डिसेंबरच्या सुमारास, अस्सल चीजा मंद दिव्यांत मांडाव्या, त्या दिवसांत खिडक्यांचे पडदे मात्र ओढलेले असावे.