कांटा आणि फीत

चाळीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्यावर एक गोष्ट मनांत पक्की बसली आहे: एकूण गुणांवर विश्वासून राहूं नये. बेरीज उत्तम आणि गणितांत मात्र भोपळा, असा विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतो. शरीराचें वजन हीहि अशीच एक बेरीज आहे. तींत हाड, मांस, पाणी, चरबी सारें मिळून येतें. परंतु चरबी किती व कोठें, हें कांटा सांगत नाहीं.

आमचे धाकटे बंधु त्रेपन्न वर्षांचे. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. हातपाय काडीसारखे, विडी-तंबाखूचें नांव नाहीं. गेल्या वर्षीं त्यांच्या छातींत कळ आली आणि हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचें निदान झालें. "एवढ्या सडपातळ माणसाला हें कसें?" असें जो तो विचारूं लागला. डॉक्टरांनीं फीत काढून त्यांची कमर मोजली. ती ९६ सेंटिमीटर भरली!

कारण एकच नसतें, हें खरें. रक्तदाब, साखर, आनुवंशिकता हींहि आपापला वांटा उचलतात. तथापि पोटांतील चरबीचा वांटा लहान नाहीं. कातडीखालची चरबी बहुधा निमूट पडून राहते. आंतड्यांभोवतीं सांठलेली मात्र स्वस्थ बसत नाहीं. तिच्यांतून सुटणारीं स्निग्धाम्लें यकृतांत उतरतात, इन्सुलिनचें काम अडतें, रक्तांतील साखर व मेद वाढतात आणि रक्तवाहिन्यांवर त्याचा भार पडतो.

वजनाला उंचीच्या वर्गानें भागण्याचें गणित एकोणिसाव्या शतकांत बेल्जमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञानें मांडलें. त्याप्रमाणें बंधूंचा अंक २२ येतो. म्हणजे अगदीं निर्दोष! या अंकाची मर्यादा पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं स्वतःच्या देहावरून दाखविली. २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांनीं व लंडनच्या डॉ. युडकिन यांनीं आपलीं मापें शेजारीं शेजारीं छापलीं. दोघांचाहि अंक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१.२. तेवढ्याच वजनांत आपल्या लोकांची चरबी अधिक, आणि तीहि पोटाशीं अधिक, असें पुढें अनेकांना आढळलें आहे.

चरकसंहितेंत निंद्य मानलेल्या आठ शरीरांमध्यें अतिस्थूल व अतिकृश हे दोन्ही आहेत. परंतु हातापायांनीं कृश आणि उदरानें स्थूल हा तिसरा प्रकार त्या यादींत नाहीं. आज तो कोणत्याहि पंक्तींत सहज दिसतो, आणि "अंग धरलें" म्हणून त्याचें कौतुकहि होतें.

उपाय स्वस्त आहे. उभें राहावें, श्वास सहज सोडावा, आणि शेवटची बरगडी व कमरेचें हाड यांच्या मधोमध फीत फिरवावी. पायजम्याची नाडी पोटाखालीं जेथें बांधतों, तें माप नव्हे. आपल्याकडील पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. कमर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा ठोकताळाहि लक्षांत ठेवण्यास सोपा.

आम्हीं घरांतील सर्वांचीं मापें घ्यावयाचीं ठरविलें, तेव्हां पुरुष हंसत हंसत पुढें आले. स्त्रिया मात्र मागें सरल्या. "निऱ्यांआड काय मोजतां?" असें आमच्या मंडळींनीं विचारलें. परंतु निऱ्यांआडच तर हा रोग वाढतो! सर्वांच्या मागून जेवावयाचें, उरलेला भात वाया जाऊं नये म्हणून तो आपल्याच पानांत घ्यावयाचा, आणि पुरुष फिरावयास निघाले कीं आपण चुलीशीं उभें राहावयाचें, हा क्रम ज्या घरांत चालतो, तेथें फीत विकत घेऊन काय होणार?

आमच्या थोरल्या सुनेची कमर ८६ भरली. तिचें वजन प्रमाणांत असल्यानें तिची कोणीं कधीं काळजीच केली नव्हती. आतां ती रोज सायंकाळीं पाऊण तास चालावयास जाते, आणि दिवेलागणीचा कुकर आमचे चिरंजीव लावतात. भात कधीं कधीं गिच्च होतो. आम्ही तो मुकाट्यानें खातों. आणि अर्थातच, मोजून खातों.