उलाळ

आमच्या बेळगावच्या स्टेशनावर गोवा एक्स्प्रेस येते आणि दीड दिवसाने ग्वाल्हेरला सोडते. मधे गाडी बदलायची नाही, काही नाही. माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली, तेव्हा आई म्हणायची, 'कुठं एवढ्या लांब दिली पोरगी!' पण अक्काचा संसार तिथल्या हरिशंकरपुरममध्ये चांगला रुजला. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये तळ ठोकला, त्या लष्कराचे पुढे शहर झाले. तिथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फक्त त्यांच्या मराठीला हिंदीची फोडणी बसली आहे, जशी आमच्या मराठीला कानडीची. आपण सीमेवरच्या माणसांनी त्यात हसण्यासारखे काही नाही.

२०२२ च्या डिसेंबरात अक्काचा फोन आला. 'तू ये. पोराने बोट घेतली आहे. दाजी त्याच्याशी बोलत नाहीत.'

बोट? ग्वाल्हेरला? मला आधी काही कळेना. जाऊन पाहतो तर दारापुढच्या गल्लीत, एका ट्रेलरवर, पांढरी फायबरची चांगली एकोणीस फुटी मोटरबोट उभी! मागे दोन इंजिने. गल्लीतली पोरे तिच्यावर चढून समुद्रसफरी करत होती.

भाच्याचा विचार वाईट नव्हता. धरणांत गाळ किती साठला याची मोजणी करणाऱ्या ठेकेदारांना बोट लागते. ती भाड्याने द्यायची, चालवणारा म्हणून स्वतः जायचे. मुंबईकडून कुणाकडून तरी त्याने ती जुनी बोट घेतली होती. त्यासाठी अक्काच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. दाजी गणिताचे निवृत्त मास्तर. ते एवढेच म्हणाले होते, 'ज्याचा हिशेब मांडला नाही, तो धंदा नव्हे.' त्यानंतर बापलेकांत अबोला.

माझे उद्यमबागेत तीस वर्षे लेथचे वर्कशॉप होते. तेव्हा ट्रेलर तपासायचे काम माझ्याकडे आले. मी जोड पाहिले, वेल्डिंगवर हातोडी वाजवून पाहिली, चाकांतली हवा पाहिली, जीपच्या मागचा गोळा आणि त्यावर बसणारे कपलिंग पाहिले. दुरून पाहिले तर ट्रेलर सरळ, रंग नवा. 'ठीक आहे,' मी म्हणालो. भाचा म्हणाला, 'मामा, टेन्शन नका घेऊ, सगळं होऊन जाईल.'

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघऱ्याला निघालो. तिघरा धरण शहरापासून वीसेक किलोमीटरवर, सांक नदीवर आहे. ग्वाल्हेरचे पाणी तिथलेच. पहिले दहा किलोमीटर सुरेख गेले. रस्ता मोकळा लागला, पुढे थोडा उतार होता, आणि भाच्याने वेग पन्नासच्या वर नेला. मागून काहीतरी हलल्यासारखे वाटले. आरशात पाहिले तर बोट डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. कुत्र्याने शेपूट हलवावी तसा तो ट्रेलर आम्हालाच हलवू लागला. भाच्याने घाबरून करकचून ब्रेक दाबला. झोका दुप्पट झाला.

समोरून मोटारसायकलवर एक दूधवाला येत होता, दोन्ही बाजूंना कॅन लावलेला. त्याने आमची बोट अंगावर येताना पाहिली आणि गाडी सरळ शेतात घातली. बोटीचा मागचा कोपरा तो होता त्या जागेवरून गेला.

आम्ही थांबलो. मी धावत गेलो. तो उठून बसला होता, गुडघा फुटला होता, बाकी धड. दूध मातीत जिरत होते. तो आम्हाला शिव्याही देईना, नुसता कॅनकडे बघत राहिला. आम्ही दुधाचे पैसे दिले, त्याला जवळच्या चहाच्या टपरीवर नेले. माझे हात थरथरत होते. कारण 'ठीक आहे' हे मी म्हटले होते.

टपरीवर एक म्हातारा विडी ओढत बसला होता. एके काळी लष्करात टांगा हाकायचा, असे नंतर कळले. तो उठून ट्रेलरपाशी गेला, कपलिंगजवळ दांडी हाताने वर उचलून पाहिली. जरा जोर लावल्याबरोबर ती उचलल्यासारखी झाली. माझ्याकडे वळून तो म्हणाला, 'बाबूजी, गाडी उलार है. थोडी दबाऊ करो.'

उलार! मी तिथेच उभा राहिलो. चाळीस वर्षांत ऐकला नव्हता तो शब्द. येळ्ळूरला माझा आज्जा भाताची गाडी भरताना ओरडायचा, 'मागं नको टाकू रे, गाडी उलाळ होतीया!' मागे ओझे जास्त झाले की गाडी आखावर मागे कलते, जू वर उचलते आणि जुपणीने बैलांचा गळा आवळतो. पुढे फार ओझे झाले तर मान मोडते. म्हणून आज्जा गाडी भरून झाली की बैल जुंपण्याआधी जू स्वतः उचलून पाहायचा. जड लागले पाहिजे, पण उचलता आले पाहिजे. लेथवर सुताचा शंभरावा भाग मोजणारा मी, ही एक गोष्ट करायची विसरलो होतो.

तिथेच चाकांना हात लावून पाहिला. उजवे कोमट, डाव्याच्या तुंब्याला हात टेकवेना. म्हणजे दोन रोग होते. पेट्रोलचे कॅन बोटीच्या मागून काढून जीपमध्ये टाकले, जवळच्या पंक्चरवाल्याकडे चाक उतरवले. बेअरिंगमधले ग्रीस ताकासारखे पांढरे झाले होते. त्यात पाणी शिरले होते. ते का शिरते, हे सांगण्यासारखे आहे. लांबून आलेले तापलेले चाक तसेच धरणाच्या गार पाण्यात घातले, तर तुंब्यातली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. म्हणून काठावर पोचल्यावर चाके निवेपर्यंत थांबायचे असते. बेअरिंग धुऊन, नवे ग्रीस भरून, नट आवळून पुन्हा किंचित सैल केला, आणि बैलगाडीच्या चालीने घरी आलो.

अक्काने काही विचारले नाही. भाच्याचा चेहरा पाहून ती आत गेली. रात्री जेवताना मी सगळे सांगितले, माझी चूकही सांगितली. दाजी खाली मान घालून ऐकत होते. हात धुताना म्हणाले, 'आखापासून कपलिंगपर्यंत अंतर किती?'

सकाळी ते वही-पेन्सिल घेऊन आमच्याआधी दारात उभे.

सामान मुद्दाम पूर्वीसारखेच भरले, कारण आधी रोग मोजायचा होता. तिकडे धर्मकाँटा म्हणतात, त्या वजनकाट्यावर नुसता ट्रेलर नेला. बोटीसकट अठराशे चाळीस किलो. मग भंगारवाल्याच्या छोट्या काट्यावर दांडीचे टोक टेकवले, पण खाली विटा रचून, जीपच्या गोळ्याइतक्याच उंचीवर. टोक खालीवर झाले की आकडा बदलतो. आकडा आला अठ्ठेचाळीस. दाजींनी वहीत लिहिले. अशा ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण सात ते दहा टक्के भार पुढे दांडीवर यावा लागतो. म्हणजे एकशे तीस ते एकशे चौऱ्याऐंशी किलो. आमचा तीन टक्केही नव्हता. कारणही उघड होते. आधीच्या मालकाने मागे दुसरे इंजिन बसवले होते, बोट मात्र ट्रेलरवर होती तिथेच ठेवली होती.

'तरफेचा नियम,' दाजी म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळले नाही. पण वही त्यांनी मुलापुढे धरली. बोट साडेतेराशे किलोची. ती वीस सेंटिमीटर पुढे घेतली, आणि आखापासून दांडीचे टोक चार मीटर वीस सेंटिमीटरवर आहे, तर दांडीवर चौसष्ट किलो वाढतील. दोन बॅटऱ्या आणि नांगराची साखळी मिळून पन्नास किलो, ती मागून साडेतीन मीटर पुढे नेली तर आणखी बेचाळीस. भाच्याने बेरीज केली. 'एकशे चोपन्न.'

'मग करा,' दाजी म्हणाले. महिन्यातला मुलाशी बोललेला तो पहिला शब्द.

बोटीचे नाक जिथे टेकते तो खांब आम्ही सोडवून वीस सेंटिमीटर पुढे जोडला. पुन्हा मोजले. एकशे बावन्न. दोन किलोंची चूक दाजींनी वहीत लिहून ठेवली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तिघरा. मागच्या सीटवर दाजी. दांडीखाली दोन्ही साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या घातल्या होत्या, म्हणजे कपलिंग सुटले तरी दांडी त्यांच्या झोळीत पडावी. भाच्याला पक्के सांगितले होते, 'झोका आलाच तर ब्रेकला पाय लावायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, चाक सरळ धरायचे.' त्याच उतारावर ट्रेलर मागून गरीब गाईसारखा आला. टपरीवर थांबलो. टांगेवाला नव्हता. दूधवाला मात्र होता, गुडघ्याला पट्टी. त्याने बोटीकडे पाहिले आणि आपली मोटारसायकल रस्त्यापासून आणखी दोन हात आत घेतली. आम्ही कुणीच हसलो नाही.

काठावर चाके निवण्याची वाट पाहत बसलो, तेव्हा दाजींनी धरणाची गोष्ट सांगितली. तिघरा बांधून झाले १९१६ मध्ये, आणि लगेच पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९१७ मध्ये, फुटले. भिंत चांगली होती, पण पायाच्या वालुकाश्मातून पाणी झिरपत गेले. पुढे ते पुन्हा उभे राहिले. आपल्या खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी जे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, तसेच इथेही बसले. 'वरून सगळे ठीकच दिसते,' दाजी म्हणाले. मला ते लागले, पण ते माझ्यासाठी नव्हते. ते धरणाकडेच बघत होते.

दिव्यांच्या वायरचा प्लग काढला, बोटीच्या बुडाचे बूच लावल्याची दोनदा खात्री केली, ट्रेलर उलटा पाण्यात नेला आणि बोट तरंगली.

पाटल्या अजून सगळ्या सुटलेल्या नाहीत. एक आली आहे, एक राहिली आहे. काम कधी असते, कधी नसते. पण भाचा कुठेही निघण्याआधी मला फोन करतो आणि काट्यावरचा आकडा सांगतो. मी विचारले नाही तरी सांगतो. परवा म्हणाला, 'मामा, उलाळ नाही.' त्याच्या हिंदीत तो शब्द उलार आहे, हे त्याला ठाऊक आहे. तो मुद्दाम आमचा म्हणतो.

मी विचारतो, 'स्वतः उचलून पाहिलंस?'

तो म्हणतो, 'पाहिलं. जड आहे, पण उचलता येतं.'

मग मी फोन ठेवतो.