मागून येणारी इच्छा

बारवी धरणाच्या व उल्हास नदीच्या पाण्यावर ज्यांचे संसार चालतात, त्या बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या शहरांत स्त्रीरोगचिकित्सेचा व्यवसाय करीत असताना जी तक्रार माझ्यासमोर वारंवार येते, परंतु केसपेपरवर क्वचितच उघडपणे नोंदली जाते, ती विवाहित स्त्रीच्या कामसुखाविषयीची होय. कंबरदुखी, अंगावरून पांढरे जाणे, झोप न लागणे अशा समाजमान्य दुखण्यांच्या आडोशाने ती येते. बरोबर आलेले यजमान "हिला कशातच रस नाही हो, डॉक्टर," असे सांगून मोकळे होतात, आणि त्यांना बाहेर बसवून मी विचारले असता ती स्त्री बहुधा खाली मान घालून म्हणते, "त्यांचं काही चुकत नाही, माझ्यातच काहीतरी कमी असेल." या उद्गाराइतके मला अस्वस्थ करणारे दुसरे काही माझ्या व्यवसायात नाही; कारण तपासणीअंती त्या स्त्रीच्या देहात बहुतेक वेळा काहीही कमी नसते.

कमी असते ते ज्ञान, आणि तेही दोघांच्या ठायी. इच्छा प्रथम, तदनंतर उत्तेजना आणि अखेरीस तृप्ती, हा क्रम पुरुषाच्या अनुभवावरून गृहीत धरला गेला आणि तोच स्त्रीलाही लागू करण्यात आला. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी ३८२ स्त्रिया व ३१२ पुरुष यांचे प्रयोगशाळेत निरीक्षण करून १९६६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात उद्दीपन, स्थिरावलेली उत्तेजना, परमोत्कर्ष आणि उपशम अशा चार अवस्था सांगितल्या. परंतु मुळात स्त्री त्या वाटेवर पाऊल का टाकते, हा प्रश्न त्यात बाजूसच राहिला. पुढे २००० साली कॅनडातील डॉ. रोझमेरी बॅसन यांनी असे प्रतिपादन केले की, दीर्घ सहवासातील पुष्कळ स्त्रियांच्या मनात आरंभी कामेच्छा नसतेच. जवळीक हवीशी वाटते, त्या भावनेने ती स्पर्शाला अनुमती देते, देह हळूहळू प्रतिसाद देऊ लागतो, आणि त्या प्रतिसादातून इच्छा मागाहून उत्पन्न होते. आपल्याला आपणहून कधी काही वाटत नाही म्हणून स्वतःला रुग्ण समजणाऱ्या किती स्त्रियांचे ओझे एवढ्या ज्ञानाने उतरते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. मात्र एक इशारा येथेच दिला पाहिजे. इच्छा मागून येते, याचा अर्थ संमतीही मागून येते असा कोणा पतीने लावला, तर तो शास्त्राचा सरळसरळ विपर्यास होय. आरंभीची अनुमती खरी नसेल आणि मध्येच थांबण्याची मुखत्यारी तिच्याकडे नसेल, तर येते ती इच्छा नव्हे, केवळ निमूट शरणागती.

दुसरे अज्ञान शरीररचनेचे. स्त्रीच्या सुखाचे मुख्य इंद्रिय म्हणजे शिश्निका. तिचे बाहेर दिसणारे टोक वाटाण्याहून मोठे नसले, तरी तिच्या शाखा व रक्ताने भरणारे कंद योनिमार्गाच्या दोन्ही अंगांनी आत खोलवर पसरलेले असतात, हे मेलबर्नच्या शल्यविशारद हेलन ओ'कॉनेल यांनी १९९८ साली शवविच्छेदनाच्या आधारे सविस्तर दाखवून दिले. प्रौढ स्त्रीचे सुख शिश्निकेकडून योनीकडे सरकले पाहिजे, अशी जी समजूत फ्रॉइडने १९०५ साली मांडली, तिने कित्येक निरोगी स्त्रियांना अकारण अपूर्ण ठरविले. केवळ समागमाने अनेक स्त्रियांना परमोत्कर्ष येत नाही. त्यासाठी शिश्निकेस पुरेसा, सावकाश स्पर्श लागतो, आणि यात ना तिचा दोष, ना त्याच्या पौरुषाचा.

परंतु ज्ञान असूनही देह प्रतिसाद देत नाही, असे का होते? बँक्रॉफ्ट आणि यान्सेन या संशोधकांनी मनात दोन स्वतंत्र शक्ती मानल्या आहेत, एक उत्तेजित करणारी आणि दुसरी आवरणारी. माझ्या अनुभवाने आमच्या या टापूत आवरणाऱ्या शक्तीचाच अंमल अधिक. पहाटेची लोकल गाठून मुंबईची नोकरी करणारी, परतताना महिलांच्या डब्यात उभ्याने दीड तास काढणारी, घरी येताच ओट्यापाशी उभी राहणारी, आणि पाणीकपातीच्या दिवसांत अवेळी नळ येईल म्हणून अर्धा कान जागा ठेवून निजणारी स्त्री रात्री अकराला "थंड" आहे असे म्हणणे हा अन्याय आहे. फाळणीनंतर निर्वासितांना मिळालेल्या उल्हासनगरच्या बराकींत एका पडद्याच्या आडोशाने दोन पिढ्यांनी संसार केले. आजही दोन खोल्यांच्या घरात सासूसासरे पलीकडे निजलेले आणि दाराला कडी नाही, अशी स्थिती पुष्कळांची आहे. त्यात गर्भ राहण्याचे भय मिळविले, म्हणजे मन निःशंक होण्यास जागा कोठे उरते?

या अखेरच्या भयाची नाडी महाराष्ट्रात ज्याने सर्वांआधी ओळखली, त्या प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे स्मरण मला नेहमी होते. गणिताच्या या प्राध्यापकाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी नोकरी गमावली, आणि जुलै १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक पदराला खार लावून चालविले. पत्नी मालतीबाई या कार्यात त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. कामसुख हा पुरुषाइतकाच स्त्रीचाही हक्क आहे, आणि गर्भाची धास्ती दूर झाल्यावाचून तो हक्क तिला उपभोगता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी निकाल विरुद्ध जाऊन दोनशे रुपये दंड झाला. ज्या वर्षी किन्से यांचा स्त्रियांच्या कामजीवनावरील अहवाल अमेरिकेत प्रसिद्ध झाला, त्याच १९५३ साली कर्वे यांचे निधन झाले. ज्या देशात वात्स्यायनाने स्त्रीला सुख होते की नाही याविषयी पूर्वाचार्यांची मतमतांतरे नोंदवून, पुरुषाच्या आधी ती तृप्त होईल असेच तिच्याशी वागावे असा निर्णय दिला, त्याच देशात हे कथन फौजदारी गुन्हा ठरावे, याचा विषाद मला अद्याप वाटतो.

उपचार म्हणून मी काय करते? समागमाच्या वेळी वेदना असेल, तर प्रथम तिचाच शोध घेते. जंतुसंसर्ग, प्रसूतीनंतरची वा रजोनिवृत्तीची कोरड, योनीच्या स्नायूंचे अनैच्छिक आकुंचन, ही सर्व साध्य दुखणी आहेत, आणि नैराश्यावरील काही औषधांनी परमोत्कर्ष लांबतो, हेही ध्यानी ठेवावे लागते. देह निरोगी असेल, तर मास्टर्स आणि जॉन्सन यांचीच तजवीज अमलात आणते: काही आठवडे समागम पूर्ण वर्ज्य, आणि त्या मुदतीत एकमेकांना केवळ स्पर्श, प्रथम हात, पाठ, केस यांना, काय आवडले हे तिने बोलून सांगायचे, आणि त्याने प्रतिवाद न करता ऐकायचे. वर्ज्यतेमुळे पुढे काय करावे लागेल ही धास्ती सरते, आणि कित्येकींना आपल्या देहाचा प्रतिसाद प्रथमच तेव्हा उमगतो. दाराला कडी बसविणे आणि रात्रीची भांडी त्याने घासणे, हेही मी औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून देते. दुसऱ्या भेटीस मात्र दोघांनी मिळून यावे, ही माझी अट असते. पतीला कामावरून रजा मिळत नसेल, तर त्यासाठी रविवारी सकाळी दवाखाना उघडा ठेवते.